जीपची नोंद : आधी ब्रेक, मग बाकीचं



या पानावर आपण एरवी टोमॅटो, कांदा, फवारणी आणि खताचे हिशेब लिहितो. आजची नोंद पिकाची नाही, जीपची आहे. दोन वर्षं मी या जीपबद्दल इथं एक अक्षर लिहिलं नाही. एक तर हौसेवर पैसे घातले हे चारचौघांत सांगायची लाज वाटायची. दुसरं, मध्ये एक गोष्ट अशी घडली की ती सोडून बाकीचं सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं. आता सगळं एकदाच लिहून टाकतो. ज्यांच्या डोक्यात जुनी जीप बांधायचं खूळ आहे त्यांनी वाचावं. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनीही वाचावं, कारण उतार सगळ्यांना सारखाच.

2023 साल टोमॅटोवाल्यांना आठवत असेल. एप्रिल-मेमध्ये किलोला दोन-तीन रुपये, माल रस्त्याच्या कडेला ओतायची वेळ. आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याच टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर. माझा प्लॉट नेमका त्या भावात सापडला. त्यात माझी हुशारी काही नव्हती, लागवड पंधरा दिवस उशिरा झाली एवढंच. सोसायटी भरली, ठिबकच्या नळ्या बदलल्या, धाकटीच्या कॉलेजची फी भरली. तरी चार पैसे उरले. तीस वर्षांत पहिल्यांदा असे पैसे हातात आले की ज्यांना आधीच पाय फुटलेले नव्हते.

सौ. म्हणाल्या, बँकेत ठेवा. थोरला म्हणाला, विहिरीला आडवे बोअर घेऊ. मी दिवाळीत जीप घेऊन आलो.

1994 ची महिंद्रा एमएम 540. 2112 सीसीचं डिझेल इंजिन, मूळ रचना फ्रान्सच्या पेजो कंपनीची. शेजारच्या तालुक्यात एका कांदाचाळीत ताडपत्रीखाली उभी होती. 1,35,000 ला सौदा झाला. हूड फाटलेलं, तळाचा पत्रा गंजून चाळण झालेला, मागच्या बाकाखाली कोंबडी अंड्यावर बसलेली. पण चॅसी सरळ होती. जुनी जीप घेताना रंग बघू नका. खाली झोपा आणि चॅसीवर हातोडीनं टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, भद्द आवाज आला तर आतून गंज. पाटे जिथं चॅसीला अडकतात आणि स्टिअरिंगचा बॉक्स जिथं बसतो तिथं तडे बघा. पत्रा बदलता येतो, चॅसी गेली की गाडी गेली.

जीपच का, असं पुष्कळांनी विचारलं. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून खेड्यात जीप म्हणजे साहेबाची गाडी. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, जन्म पाटाच्या पाण्यावर काढला. आवर्तन सुटलं की रात्र-रात्र खोरं घेऊन चारीवर. पाटबंधाऱ्याच्या साहेबाची जीप धूळ उडवत आली की ते बांधावर उभे राहायचे. आत कधी बसले नाहीत. हे एक कारण. दुसरं, सौ.चं माहेर राजूरच्या वर, भाताच्या पट्ट्यात. आमचा तालुका एकच, अकोले, पण पाऊस दोन जगांतला. खाली अकोल्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि वर घाटघर-रतनवाडीकडं चार हजारांच्या वर. मेव्हण्याची भातखाचरं डांबरीपासून दोन किलोमीटर आत, मध्ये एक ओढा. पावसाळ्यात तिथं साधी गाडी जात नाही. सौ. लग्न झाल्यापासून आवणीला एकदाही माहेरी गेल्या नव्हत्या. आपल्याकडंही त्याच दिवसांत टोमॅटोची बांधणी असते. आणि दादांचे गुडघे गेल्यापासून त्यांचं चालणं ओट्यापासून गोठ्यापर्यंत. मनात होतं की एका आवणीला सगळ्यांना घेऊन जायचं.

जीप दारात आली तेव्हा दादा बाहेर आले, काठी टेकवून भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पळती कळलं. थांबती का?"

आम्ही सगळे हसलो.

आता मी काय चुका केल्या त्या सांगतो. मोबाईलवर बघून बघून डोक्यात एक गाडी तयार झाली होती. उंच, मोठ्या टायरांची, पुढं लोखंडी बंपरची. आधी इंजिन उघडलं. बोअर, पिस्टन, रिंगा, नोझल, डिझेल पंप, सगळे मिळून 48,000. मग तळाचा पत्रा, वेल्डिंग आणि रंग 38,000. मग 31 इंची टायर पाच, 46,000. पुढच्या-मागच्या पाट्यांत एकेक जादा पाटा आणि लांब शॅकल, 14,000. मिस्त्री दोनदा म्हणाला, "काका, ब्रेकचं काम आधी करू. मास्टर सिलेंडरचे वॉशर कडक झालेत, मागच्या ड्रमला झीज आहे." मी म्हणलं, पुढच्या महिन्यात करू, कांद्याचे पैसे आले की. गाडी चालू झाली होती, आवाज गोड येत होता, लोक थांबून बघत होते. ब्रेक कुणाला दिसतो?

मोठ्या टायरचा हिशेब कुणी सांगत नाही, म्हणून मांडतो. मूळ टायर 6.00-16, त्याची उंची साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. 31 इंची टायर टाकला की गाडी सव्वा इंचच उठते, कारण वाढलेल्या उंचीतली निम्मीच धुरीखाली येते. पण चाकाचा घेर जवळजवळ नऊ टक्के वाढतो. म्हणजे मीटरवर 40 दिसतं तेव्हा गाडी 44 च्या जवळ असते. इंजिनला चाक फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणजे चढाला गाडी मरते. आणि उलट बाजूनं, तेवढ्याच ब्रेकला मोठं चाक धरायला लागतं. लांब दांड्याचं खोरं हातात धरून बघा, टोकाला वजन असलं की मनगट कसं वळतं. तसंच. ड्रम तोच, शू तेच, आणि थांबवायचं मात्र जास्त. त्यात गाडी उंच केली की कललेल्या रस्त्यावर तिचा तोल लवकर जातो.

जून 2024. पहिला पाऊस होऊन गेला होता. आमचा एक तुकडा डोंगराच्या पायथ्याला आहे, तिथं जायला मुरमाची वाट, खाली ओढ्यावर कठडा नसलेला फरशी पूल. सौ. आणि सहा वर्षांचा नातू बरोबर. जाताना मी मुद्दाम पुलावरून न जाता ओढ्यातून गाडी घातली. नातू टाळ्या वाजवत होता. पाणी जेमतेम गुडघाभर, पण ड्रममध्ये पाणी आणि गाळ गेला. वर तासभर थांबलो आणि खाली निघालो. दुसरा गिअर, फोर बाय फोर नाही, लो नाही. उताराच्या मध्यावर ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. पुन्हा दाबलं तर गाडी डावीकडं ओढायला लागली. आणि घाबरून मी क्लच दाबला.

ही सगळ्यात मोठी चूक. क्लच दाबला की इंजिनचा आणि चाकाचा संबंध तुटतो. जे काही इंजिन धरून ठेवत होतं तेही सुटलं. समोर फरशी पूल, बिनकठड्याचा. मी स्टिअरिंग उजवीकडं ओढून शेजाऱ्याच्या बांधाच्या तालीत गाडी घातली. माती पावसानं मऊ होती म्हणून वाचलो. सौ.चं मनगट सुजलं, नातवाचा ओठ फुटला. तो रडत नव्हता, नुसता माझ्याकडं बघत होता. ते बघणं अजून डोळ्यासमोर आहे.

घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही. थोरल्यानं जीप ट्रॅक्टरनं ओढून आणली आणि चाळीत लावली. आमच्या घरचा हिशेब सौ. लिहितात, वही त्यांच्याकडं असते. चार दिवसांनी खताचं बिल लिहायला वही उघडली, तर एका कोऱ्या पानावर डाव्या हातानं, कारण उजवा सुजलेला, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं :

जीप. एकूण खर्च 2,81,000. त्यात ब्रेक 0.

बस्स, तेवढंच. मी बेरीज तपासली, बरोबर होती.

चार महिने जीप चाळीत उभी राहिली. विकून टाकावी असं ठरत आलं होतं. पण नोंदणीची मुदत नोव्हेंबर 2024 ला संपणार होती आणि विकायला तरी कागद लागतात. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, पासिंगला गाडी दाखवावी लागते. चौकशीला गेलो तेव्हा कळलं की मी केलेलं निम्मं काम कायद्यातच बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाहीत आणि सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला तर विम्याचा दावा कुठं अडकेल याचाही विचार मी केला नव्हता.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. दिवाळीचा दिवस होता, दादा चाळीत आले. म्हणाले, "मला एकदा बसू तर दे, उभी असू दे." दार उघडलं, त्यांनी पाय उचलला. तो पायरीपर्यंत पोचेना. पुन्हा उचलला. मी आणि थोरल्यानं धरलं तरी जमेना. चार-सव्वाचार इंच वाढलेल्या उंचीनं सगळं अडवलं. दादा काही बोलले नाहीत, काठी घेऊन ओट्यावर गेले. ज्यांना बसवायचं म्हणून गाडी घेतली त्यांनाच चढता येईना, अशी गाडी मी पावणेतीन लाख घालून बांधली होती.

मग सगळं उलटीकडून सुरू केलं. मिस्त्रीला म्हणलं, आता तू सांगशील त्या क्रमानं.

पहिलं काम ब्रेक. मास्टर सिलेंडर नवा, चारही व्हील सिलेंडर नवे, शू नवे आणि चारही चाकांचे एकदम. एकाच बाजूचे बदलले तर गाडी एका बाजूला ओढते. ड्रम लेथवर घासून गोल केले, गंजलेल्या नळ्या बदलल्या, तेल पूर्ण काढून नवं भरलं. ब्रेक तेल हवेतली ओल शोषून घेतं. जुनं झालं की लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. हॅंडब्रेकची केबलही त्यातच. सगळं मिळून 16,500. एवढ्यासाठी मी थांबलो होतो.

दुसरं, मोठे टायर 27,000 ला विकले, मूळ मापाचे पाच नवे घेतले, 30,000. जादा पाटे आणि शॅकल काढून मूळचे बसवले. तिसरं, माणसांचं काम. नवं हूड, दादांच्या सीटला जाड पाठ, पुढच्या दोन्ही सीटना पट्टे, धरायला दांडी, 17,500. चढण्यासाठी काही वेल्डिंग केलं नाही. गोठ्यातला दूध काढायचा लाकडी स्टूल आहे, तो दोरीनं सीटमागं बांधला. दादा आधी स्टुलावर, मग गाडीत. चौथं, फेरनोंदणी, कर आणि विमा, 14,000.

एकूण 3,32,000. सौ.नी त्याच पानावर खाली लिहून ठेवलंय. यातले टायरांचे 19,000 आणि पाट्यांचे 14,000, असे 33,000 निव्वळ पाण्यात गेले. तेही लपवत नाही.

उन्हाळाभर मी रिकाम्या रानात आणि मुरमाच्या वाटेवर गाडी शिकलो. मोठ्या गिअरशेजारी दोन लहान दांडे असतात. एक पुढची चाकं जोडतो, दुसरा हाय-लो करतो. लोमध्ये इंजिनचा जोर साधारण अडीच पट होऊन चाकावर येतो आणि वेग तेवढाच कमी होतो. उताराला तेच कामाचं. लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढून घ्यायचा. गाडी बैलासारखी पाऊल टाकत उतरते, ब्रेकला नुसता आधार मागते. डांबरीवर फोर बाय फोर लावू नये. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर चालत नाहीत, कोरड्या रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण गिअरांवर येतो. ओढा ओलांडला की हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलका दाबून धरायचा, शू तापून कोरडे होतात.

आणि मातीचं म्हणाल तर आपल्याला वाफसा कळतो, तेच ज्ञान इथं चालतं. काळ्या रानात वाफसा नसेल तर कितीही भारी फोर बाय फोर घाला, टायरच्या खाचांत चिकण माती भरते आणि टायर गोट्यासारखा गुळगुळीत होतो. शिवाय चाकोरीखाली माती दबते ती वेगळीच, पुढच्या पिकाची मुळं तिथं अडतात. म्हणून ओल्या रानात हौसेनं गाडी घालायची नाही, स्वतःच्याही नाही. वरचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तिथं तर रस्ता सोडून चाक उतरवायचंच नाही.

जुलै 2025 मध्ये गेलो. पुढं दादा, मागं सौ., सूनबाई आणि नातू. थोरला मोटारसायकलवर पुढं. नातू सुरुवातीला बसायला तयार नव्हता. त्याला खाली उतरवून घराजवळच्या उतारावर तीनदा गाडी थांबवून दाखवली, मग बसला.

राजूर सोडल्यावर पाऊस लागला. डांबरी संपली, चाकातली हवा पाच-सहा पौंड कमी केली आणि लो लावून कच्च्या वाटेला लागलो. ओढ्यापाशी आलो तर पाणी गढूळ आणि जोरात. मागच्या वेळचा मी असतो तर घातली असती गाडी. उतरलो, काठी घेऊन कडेला गेलो. चार पावलांतच पाणी गुडघ्याच्या वर आणि पायाखालचे गोटे सरकत होते. गाडी बंद केली. एका दगडावर नजर ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, तो दगड पूर्ण उघडा पडल्याशिवाय जायचं नाही, नाही पडला तर माघारी.

पलीकडून मेव्हणा ओरडत होता, "दाजी, या की, काय होत नाही!" मी हात हलवला आणि बसून राहिलो. गाडीतच भाकरी, ठेचा, कांदा काढला. दादा हूडवर पडणारा पाऊस ऐकत निवांत जेवले. दीड तासानं दगड उघडा पडला. डोंगरातलं पाणी चढतं लवकर तसं उतरतंही लवकर. लो, पहिला गिअर, मध्ये गिअर न बदलता पलीकडं.

खाचरात काळभाताची रोपं पेंढ्या बांधून तयार होती. सौ. पातळाचा काष्टा मारून चिखलात उतरल्या त्या संध्याकाळपर्यंत वर आल्या नाहीत. तेहेतीस वर्षांनी हात लावला, पण रोपांच्या ओळी भावजयीपेक्षा सरळ होत्या. नातवानं रोपं कमी लावली, चिखल जास्त अंगावर घेतला. दादांना आम्ही स्टूल देऊन बांधावर बसवलं, अंगावर इरलं दिलं. त्यांनी वाकून समोरच्या चिखलात हातानं चार रोपं खोचली. मग हात धुवायला पाणी मागितलं नाही, तसेच मांडीवर ठेवून बसले.

येताना भंडारदऱ्याच्या धरणापाशी थांबलो. 1926 साली पुरं झालेलं हे दगडी धरण, ज्याचं पाणी दादांनी जन्मभर रात्री खोऱ्यानं वळवलं. इथून घर काही फार लांब नाही, पण कधी येणं झालं नव्हतं. ते गाडीतूनच बघत राहिले. मग म्हणाले, "चल. उतार आहे, सावकाश घे."

आता तुमच्यासाठी. जीप बांधायचीच असेल तर पहिले पैसे ब्रेकला, मग स्टिअरिंगला, मग टायरला, मूळ मापाच्या. इंजिन आणि रंग शेवटी. आणि ट्रॅक्टरवाल्यांनो, भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर डिझेल वाचवायला गिअर काढू नका. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि उतार लागायच्या आधीच तो टाका. दोन्ही ब्रेकच्या पेडलांची कडी लावलेली आहे ना, तेवढं आज संध्याकाळी बघून घ्या.

हौस करावी की नाही, हे मी कोण सांगणार? मी केली. वहीत तिला एक पान आहे आणि आता ते पान उघडं ठेवायला मला लाज वाटत नाही.

पुढची नोंद कांद्याच्या रोपवाटिकेची. राम राम.